पहूरची थंड बैठक
अजिंठ्याहून जळगावकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, वाघूर नदीच्या काठी वसलेल्या आमच्या पहूरला, जिथे वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास पोचतो, तिथे बैठकीची खोली सजवणे म्हणजे प्रथम उन्हाचा बंदोबस्त करणे होय, हे खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांनी कधीच ओळखले होते. सागवानी कड्या, त्यांवर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर आणि मातीच्याच रुंद भिंती, अशा रचनेत दुपारची उष्णता आत झिरपेपर्यंत दिवस कलतो. शिवाय तापलेली हवा वर चढत असल्याने जमिनीलगतची गादी, तीवर पांढरी खादीची चादर आणि टेकायला लोड-तक्के, हीच माझ्या मते ग्रीष्मातील सर्वोत्तम आसनव्यवस्था. मखमली सोफा मला इथे परकाच वाटतो.

आजच्या सिमेंटच्या घरातही दाराला वाळ्याचा ओला पडदा लावावा, कोनाड्यात तांब्या-भांडे ठेवावे आणि मधोमध बंगई टांगावी. तिच्या पितळी कड्या चिंचेने घासल्या की सोन्यासारख्या उजळतात. आमच्या बंगईच्या फळीची कड तर तीन पिढ्यांच्या तळव्यांनी गुळगुळीत, किंचित खोलगट झाली असून, पाहुणा बसताच त्याचा हात नकळत तिथेच विसावतो.