ऐकणं, बोलणं आणि कायदा (लेखांक 6) : मुंबईचा थेरपिस्ट, कोलकात्याचं मूल

अमेरिकेत ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्टला परवाना देतं ते राज्य. शेजारच्या राज्यातलं मूल व्हिडिओवरून तपासायचं तरी तिथला वेगळा परवाना लागे. शेवटी राज्यांनी आपसात करार केला आणि 2021 मध्ये दहावं राज्य सामील होताच तो अमलात आला. हे आपण गेल्या आठवड्यात पाहिलं.

आपल्याकडे अशा कराराची गरजच पडली नाही. भारतीय पुनर्वास परिषदेच्या 1992 च्या कायद्याने देशभरासाठी एकच नोंदवही केली. तिच्यात नाव असलं की मुंबईत शिकलेल्या मुलीला कोलकात्यात खुशाल काम करता येतं. नोंदणीशिवाय व्यवसाय केला, तर एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपयांचा आज कुणाला धाक वाटेल, हा प्रश्नच आहे.

कोलकात्याचं आणि मुंबईचं या क्षेत्रातलं नातं जुनं आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था 1983 मध्ये वांद्र्याला उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिचं पूर्व विभागीय केंद्र कोलकात्यात, बी. टी. रोडच्या बोनहुगली भागात सुरू झालं. संस्था एक, नोंदवही एक. तरीही मुंबईहून तिथे गेलेल्या थेरपिस्टची खरी परीक्षा तपासणीच्या खोलीत होते.

चित्र दाखवून मुलाला आकडे म्हणायला लावले. मूल ‘शात’ म्हणालं. मराठी कानाला हा सरळ उच्चारदोष. पण बंगालीत सातचा उच्चार ‘शात’च, लिहिताना ‘स’ असला तरी बोलताना बहुतेक ठिकाणी ‘श’ येतो. म्हणजे निरोगी मुलाच्या कागदावर दोष लिहिला जाणार. उलटही घडतं. कोलकात्यात वाढणारं मराठी मूल शाळेला ‘शाला’ म्हणतं. बंगाली बोलण्यात ‘ळ’ नाहीच, त्यामुळे बंगाली थेरपिस्टला त्यात काही खटकत नाही. मुलाला ‘ळ’ जमत नाही, की आजूबाजूला तो ऐकूच येत नाही, हे मराठी जाणणाऱ्यालाच पारखता येईल.

इथेच देशव्यापी नोंदणीचं मोल मला फार मोठं वाटतं. कोलकात्यातल्या मराठी मुलाला पुण्याच्या थेरपिस्टने, नागपुरातल्या बंगाली मुलाला कोलकात्याच्या थेरपिस्टने व्हिडिओवरून शिकवायला राज्याची हद्द आड येत नाही. अमेरिकेला ज्यासाठी वर्षानुवर्षं खटपट करावी लागली, ती मोकळीक आपल्याला आयती मिळाली आहे. श्रवणयंत्र बसवणं, कानाचा साचा घेणं यासाठी समोरासमोर जावंच लागतं. भाषेचे धडे मात्र दुरून देता येतात. आपण ही सोय पुरेशी वापरत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

तेव्हा पालकांनी पहिल्या भेटीतच दोन गोष्टी विचाराव्यात : परिषदेचा नोंदणी क्रमांक, आणि तपासणी कोणत्या भाषेत होणार. घरातली भाषा वेगळी असेल, तर ते अहवालात लिहून घ्यावं.

पुढच्या आठवड्यात : नोंदणीचं नूतनीकरण.