मेंदूला मार बसलेल्याला घर कोण देणार?

परांचीवरून पडलेला गवंडी इस्पितळातून जिवंत परततो, तेव्हा सरकारदरबारी त्याची फाईल मिटते. घरची परवड तिथून सुरू होते. हातपाय चालतात, पण तो गॅस पेटवून विसरतो, क्षणात भडकतो, आपल्याच गल्लीत वाट चुकतो. वरून धडधाकट दिसतो म्हणून लोक त्याला दारुडा ठरवतात. त्याला सांभाळायला बायकोने धुणीभांडी सोडली, तर चूल पेटायची कशी? आणि तीही थकल्यावर त्याने जायचे कुठे?

1999 च्या कायद्यातून आलेल्या राष्ट्रीय न्यासाने प्रौढांच्या आजन्म निवासासाठी 'घरौंदा' योजना काढली, ती स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व व बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी. 2016 च्या अपंग हक्क कायद्याने 21 प्रकार मोजले. अपघाती मेंदूइजेला त्यातही स्वतंत्र नाव नाही. नाव नाही म्हणून रकाना नाही, रकाना नाही म्हणून पैसा नाही!

पैसाच नाही, हे आम्हाला मान्य नाही. बांधकामखर्चावर 1 ते 2 टक्के कामगार-उपकराची तरतूद 1996 पासून आहे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती ठेवली. महाराष्ट्रात या पैशातून भांड्यांचे संच वाटले गेले. वाटा, आमची ना नाही. पण वस्तीजवळ चार-सहा जणांचे, रात्रंदिवस मदतनीस असलेले घर त्यातून का नको? इमारत एकदाच बांधायची असते. मदतनीसाचा पगार दरमहा लागतो. म्हणून एकरकमी अनुदानाच्या घोषणेवर आम्ही भुलणार नाही. दरवर्षी वेगळे लेखाशीर्ष हवे, आणि भाडे अपंगाच्या पेन्शनीत भागेल एवढेच.