सहाशे किलोंत साडेबारा मिलिग्रॅम

पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराची बातमी वाचली की मला ओहोटीची खडपं आठवतात. कालवं फोडणाऱ्या बाया आणि कपारीत चिकटलेला नारिंगी स्पंज. ‘त्यात कॅन्सरचं औषध असेल’ असं मीही एकदा तावातावाने बोलून गेलोय. डहाणूजवळच्या कैनाडच्या पाड्यावर कुठल्या दुखण्याला कुठली साल उगाळायची हे सांगणारं माणूस भेटेल, पण स्पंज उगाळा म्हणणारं कोणी नाही. समुद्राच्या बाबतीत शास्त्रज्ञांना आजीबाईचा बटवा फारसा मिळाला नाही.

स्पंजाला पळता येत नाही, दात-नखं नाहीत, म्हणून विष हेच त्याचं हत्यार. जपानमध्ये हिराता आणि उएमुरा यांनी 600 किलो काळ्या स्पंजातून कॅन्सरच्या पेशी मारणारं हॅलिकोंड्रिन-बी काढलं, ते भरलं 12.5 मिलिग्रॅम! या हिशेबाने रोग्यांना औषध पुरवायचं तर किनारे खरवडून काढावे लागले असते.

ते टळलं योशितो किशींमुळे. हार्वर्डच्या या रसायनशास्त्रज्ञाने 1992 मध्ये तो अगडबंब रेणू प्रयोगशाळेत जोडून दाखवला. माझ्या मते या गोष्टीचा नायक तोच, स्पंज नव्हे. जोडताना तयार झालेले तुकडे एसाई कंपनीने तपासले, तर सगळी करामत निम्म्याच रेणूत! उरलेला निम्मा टाकला, शरीरात टिकणार नाही असा सांधा बदलला आणि एरिब्युलिन तयार झालं. पेशी दुभागताना आत दोऱ्या ताणल्या जातात. हे औषध दोरीच्या टोकाशी जाऊन बसतं आणि दोरी पुढे वाढत नाही. 2010 मध्ये अमेरिकेत ते स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. चमत्कार मात्र म्हणू नका. मोठ्या चाचणीत रोग्यांचं मध्यक आयुष्य 10.6 महिन्यांचं 13.1 महिने झालं, इतकंच. घरात असा रोगी असलेल्याला विचारा अडीच महिने म्हणजे काय ते.

आपल्या नरक्या या झाडाच्या नशिबी असा तारणारा किशी आला नाही. त्यातल्या कॅम्प्टोथेसिन या कॅन्सरवरच्या द्रव्यापायी सह्याद्रीतली झाडं तोडून गोण्याच्या गोण्या बाहेर गेल्या.

तेव्हा खडपं ही औषधाची खाण नव्हेत, तिथून हवा असतो तो नमुना. पण साडेबारा मिलिग्रॅम हाती आले नसते तर किशींनी जोडलं काय असतं? वाढवणला समुद्रात 1448 हेक्टरचा भराव पडणार आहे. त्याआधी चार ओहोट्या साधून आसपासच्या खडपांतले स्पंज बाटल्यांत भरावेत आणि गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत तपासून घ्यावेत. बंदराच्या 76 हजार कोटींत चार बरण्यांचा खर्च कुठेही बसेल.