मांडवातला क्लब

गव्हाणच्या गावठाणात आज हळद आहे. पलीकडे उलव्याचे टॉवर उजळलेत आणि इथे एका अंगणात बेसची अशी थप्पी लावली आहे की कॅमेऱ्याची बॅग खाली ठेवली तर आपोआप सरकते.

मांडवात धवलारीण धवले, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी, म्हणतेय, हळद लावणाऱ्या बाया मागून सूर धरताहेत. बाहेर डीजेवाला, जेमतेम विशीचा पोरगा, एका कानाला हेडफोन लावून तिचं संपायची वाट बघतोय. ती थांबते. बेंजो सुरू होतो, कोळीगीताचा डुलता ठेका लागतो आणि दोन ओळींनंतर त्याच्याखाली क्लबातला सरळ ठोका येऊन बसतो.

मला हा सांधा हवा आहे. ठोका पडण्याआधी पोरगा आवाज क्षणभर कापतो. हात वर, पाय थबकलेले, सगळे चेहरे मिक्सरकडे. नाचतानाचे फोटो कुणालाही मिळतात, हे वाट बघणारे चेहरे निसटतात. शटर १/१५ सेकंदावर, फ्लॅश शटर मिटताना उडणारा: चेहरा स्थिर राहतो, हात फराटे होऊन जातात. शार्पी दिव्यांचे झोत चालतील, पण लेझर थेट लेन्समध्ये घुसला तर सेन्सर जायचा. म्हणून स्टेजकडे पाठ. तसंही बघण्यासारखं इकडेच आहे. पिवळ्या साड्यांच्या रांगेत एक आजी नव्या ठोक्याला जुमानतच नाही, तिची कंबर जुन्याच चालीने हलते. आणि तालात असते!

भिवंडीच्या संतोष चौधरींनी, म्हणजे दादूसनी, ही हळदीची गाणी २०२१ मध्ये ‘बिग बॉस मराठी’च्या घरात नेली. तरी शहरी कानांना हा धांगडधिंगाच वाटतो. नवं संगीत क्लबातच जन्मतं म्हणे. इथे ते लग्नाच्या खर्चात जन्मतंय.

मध्येच दि. बा. पाटलांच्या नावाचं गाणं लागतं. ते शेजारच्या जासईचे. त्यांच्या नेतृत्वाखालच्या १९८४ च्या जमिनीच्या लढ्यात इथले पाच शेतकरी गोळीबारात गेले, तेव्हा ही पोरं जन्मलीही नव्हती. पण गाण्याला सगळ्यात मोठी आरोळी त्यांचीच.

साठच्या दशकात मालीतल्या बामाको शहरात फोटोग्राफर मलिक सिदिबे अशाच पार्ट्यांतून ट्विस्ट नाचणारी पोरं टिपायचा आणि रात्रीतच प्रिंट काढून स्टुडिओबाहेर लावायचा. पोरं येऊन त्यात स्वतःला शोधायची. इथे तेवढा धीर कुणाला? “दादूस, दाखव ना, कसा आलाय?” चार डोकी माझ्या स्क्रीनवर.

दहाला भोंगे बंद करायचे आहेत, शेवटचं गाणं. डीजेवाला मला खुणेने बोलावतो.

“सगल्यांचा कारलास, माजा पन एक कार.”

तो हेडफोन तिरका करतो, फेडरवर बोट ठेवतो, मान वळवतो. आवाज कापलेला. हात वर. मी फोकस लावतोय, तो हलायलाच तयार नाही.

“आरं, वाजव ना!” अख्खा मांडव ओरडतो.