माहीत आहे, पण गोळी सुरू नाही

२०२३ सालच्या राष्ट्रीय अंदाजानुसार भारतात एचआयव्हीसह जगणारी माणसं २५ लाख ४४ हजार. त्यांतली सुमारे ४ लाख एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. प्रौढांमधलं देशभरातलं प्रमाण ०.२ टक्के आहे. पाचशे माणसांमागे एक, असं म्हटलं की हा आजार आपल्या गल्लीपासून किती जवळ आहे ते कळतं.

एड्स नियंत्रण कार्यक्रम आपलं काम तीन पायऱ्यांवर मोजतो. २०२३-२४ चे आकडे असे : लागण झालेल्या १०० जणांपैकी ८१ जणांना ती माहीत आहे. माहीत असलेल्यांपैकी ८८ टक्के औषधावर आहेत. औषधावर असून तपासणी झालेल्यांपैकी ९७ टक्के लोकांच्या रक्तातला विषाणू दबलेला आहे. हा शेवटचा आकडा मला फार मोलाचा वाटतो. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या औषधांनाही आपल्याकडे अजून असं यश मिळालेलं नाही.

आता या टक्केवाऱ्यांचा गुणाकार करू. शंभरातले ८१ उरतात, त्यांतले ७१ आणि शेवटी ६९. बाहेर राहिलेल्या ३१ जणांपैकी गोळी घेऊनही विषाणू न दबलेले फक्त दोन. १९ जणांना लागण झाल्याचं माहीतच नाही. उरलेल्या दहांना आपला रिपोर्ट माहीत आहे, पण ते औषधावर नाहीत. २५ लाखांच्या हिशेबात हे दहा म्हणजे सुमारे अडीच लाख माणसं होतात. हा लेख त्यांच्याविषयी आहे, आणि आज ज्यांच्या हातात रिपोर्ट पडला आहे त्यांच्याविषयी. कारण अडीच लाखांत अनेकदा भर पडते ती रिपोर्ट मिळाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत.

औषध मोफत आहे, ते देणारं एआरटी केंद्र बहुतेक जिल्ह्यांत आहे, परिणाम उत्तम आहे. तरी माणूस केंद्रापर्यंत पोचत नाही, किंवा दोनदा जाऊन थांबतो. यामागे दोन कारणं एकमेकांत गुंतलेली असतात : मन खचतं आणि पैशाचं गणित कोलमडतं.

आधी मनाचं. पॉझिटिव्ह निघालेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो १९९८ किंवा २००२ सालचा एड्स. गावातला कुणी ट्रक ड्रायव्हर खंगत गेला, त्याच्या बायकोला वेगळी ताटवाटी दिली, मुलं आजोळी गेली. उपचार सुरू झाले तेव्हाच्या सुरुवातीच्या औषधांत स्टॅव्ह्युडिन होतं. त्यामुळे गाल बसायचे आणि चेहऱ्यावरून लोक ओळखायचे. नंतरच्या गोळीत एफाविरेन्झ आलं. त्याने रात्री भयंकर स्वप्नं पडायची, काहींचं मन उदास व्हायचं. ती दोन्ही औषधं आता मागे पडली आहेत. आज नव्या रुग्णाला मिळते ती टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर यांची एकत्र गोळी, दिवसातून एकदा. डोल्युटेग्राविरने काहींची झोप उडते. तसं झालं तर गोळी बंद न करता ती सकाळी घेता येईल का, हे एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांना विचारावं. आजार तोच असला तरी त्याच्यासोबतचं जगणं बदललं आहे, आणि नव्या रुग्णाला हे पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं.

रिपोर्ट खासगी लॅबचा असेल तर पहिलं काम म्हणजे सरकारी आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, जाऊन खात्री करून घेणं. तिथे तीन वेगवेगळ्या किटवर तपासणी होते, ती मोफत असते आणि आधी व नंतर समुपदेशक बोलतो. मग दोन शब्द कानावर पडतात : सीडीफोर आणि व्हायरल लोड. सीडीफोर ही प्रतिकार करणाऱ्या पेशींची संख्या. निरोगी प्रौढात साधारण ५०० ते १,५००, आणि २०० च्या खाली गेली तर आजार पुढे गेला असं समजतात. हा आकडा ऐकून माणसं आपल्या आयुष्याची वर्षं मोजू लागतात. कृपा करून तसं करू नका. १५० सीडीफोर असलेली माणसं गोळी नेमाने घेऊन पुन्हा शेतात, कारखान्यात, शाळेत उभी राहिली आहेत. सीडीफोर कमी असेल तर क्षयाची आणि इतर संसर्गांची तपासणी तातडीने हवी, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ. एचआयव्ही असलेल्यांमध्ये क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो आणि मृत्यूचं मोठं कारण आजही तोच आहे.

पूर्वी सीडीफोर ठरावीक पातळीखाली येईपर्यंत औषध सुरू होत नसे. २०१७ पासून भारतात तो नियम गेला. निदान झालं की उपचार सुरू होतात. व्हायरल लोड म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण. त्याची पहिली तपासणी सहा महिन्यांनी, दुसरी बाराव्या महिन्यात आणि मग वर्षातून एकदा. विषाणू दबल्याचं सांगणारा सहा महिन्यांचा तो रिपोर्ट बहुतेकांच्या आयुष्यातला सगळ्यात दिलासा देणारा कागद ठरतो, असं मला वाटतं. का, ते आकड्यांतच पाहू. २०११ साली जाहीर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती; प्रत्येक जोडप्यात एकाला लागण होती, दुसऱ्याला नव्हती. पुण्यातली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था त्यातलं एक केंद्र होती. लवकर औषध सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. पुढे युरोपातल्या दोन अभ्यासांत विषाणू दबलेल्या जोडीदारांसोबतच्या निरोधाशिवाय झालेल्या संबंधांची नोंद ठेवली गेली. २०१६ च्या अभ्यासात सुमारे ५८,००० वेळा, २०१९ च्या अभ्यासात सुमारे ७६,००० वेळा. जोडीदाराकडून झालेली लागण : दोन्हीकडे शून्य. गरोदर बाईने काहीच उपचार घेतले नाहीत तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. नीट उपचारांनी ती ५ टक्क्यांखाली येते. नवऱ्याजवळ झोपू का, मूल होऊ द्यायचं का, नातवाला कडेवर घेऊ का, या प्रश्नांनी ज्यांची रात्र जाते त्यांच्यासाठी हे आकडे आहेत. नातवाला तर पहिल्या दिवसापासून कडेवर घ्यावं. त्याने लागण होतच नाही.

सांगायचं कुणाला? सगळ्यांना नाही, आणि पहिल्या आठवड्यात तर नाहीच. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तुमची लागण कुणाला उघड करता येत नाही, आणि न्यायालयीन कामकाजातून कळलेली लागण उघड करणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जोडीदाराची तपासणी मात्र टाळू नये. त्यात त्याचं किंवा तिचं आयुष्य आहे. ते बोलणं घरी जमत नसेल तर समुपदेशकासमोर करावं. सांगितल्यावर बाईला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढलं जाईल अशी भीती असेल, तर डॉक्टरांनीही जोडीदाराला परस्पर कळवू नये, असं कायद्यातच आहे. शिवाय एक असा माणूस हवा ज्याच्याजवळ रडता येईल. बहीण असेल, मित्र असेल, एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या जिल्ह्यातल्या पॉझिटिव्ह नेटवर्कमधलं कुणी असेल. ज्याने दहा वर्षं ही गोळी घेतली आहे त्याच्याशी अर्धा तास झालेलं बोलणं पुस्तकी सल्ल्यापेक्षा जास्त धीर देतं. जीव द्यावासा वाटत असेल तर त्याच रात्री टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येतं. आजाराची माहिती हवी असेल तर १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.

आता पैशाचं. २००१ पर्यंत तीन औषधांचा वर्षाचा खर्च श्रीमंत देशांत दहा हजार डॉलरच्या वर होता. त्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तेच उपचार स्वयंसेवी डॉक्टरांच्या संघटनेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केले. दिवसाला एक डॉलरही नाही. विकसनशील देशांतल्या किमती त्यानंतर कोसळल्या. १ एप्रिल २००४ ला भारत सरकारने आठ रुग्णालयांत मोफत एआरटी सुरू केली, मुंबईचं जे. जे. त्यांतलं एक. आज देशात ७०० हून अधिक एआरटी केंद्रं आहेत. गोळी, सीडीफोर, व्हायरल लोड, तिन्हींना रुपया लागत नाही.

मग खर्च होतो कुठे? रोजगार हमीवर काम करणाऱ्या माणसाचं उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाचा दर ३१२ रुपये होता. पहिल्या वर्षी केंद्रावर दहा फेऱ्या, येण्याजाण्याचे १५० आणि खाण्याचे ८० रुपये धरले, तर एका फेरीला ५४२ आणि वर्षाला ५,४२० रुपये होतात. सोबत बायको आली तर तिचीही मजुरी बुडते. तब्येत स्थिरावल्यावर तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या तर वर्षाला चारच फेऱ्या, म्हणजे २,१६८ रुपये. गृहीत धरलेले हे आकडे गावागणिक बदलतील, पण यावरून एक गोष्ट दिसते : सगळ्यात महाग असतं ते पहिलं वर्ष, आणि नेमकं त्याच वर्षी माणूस सर्वांत खचलेला असतो.

या फेऱ्यांसाठी काही आधार आहेत, ते मागून घ्यावेत. एसटीच्या साध्या बसमध्ये एचआयव्ही बाधितांना प्रवास-सवलत आहे. केंद्राच्या प्रमाणपत्रावर रेल्वेतही उपचारासाठी दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात सवलत मिळते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत महिना १,५०० रुपये मिळू शकतात. मात्र कौटुंबिक उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपये, वर्षानुवर्षं तीच. घरातल्या एका माणसाला ३१२ रुपयांनी ६८ दिवस काम मिळालं की २१,२१६ होतात आणि तो निराधार राहत नाही! ही मर्यादा बदलायलाच हवी. आयकराच्या जुन्या पद्धतीत उपचारखर्चाची साठीच्या आतल्यांना ४०,००० रुपयांपर्यंत वजावट आहे, पण ती आजार एड्सच्या टप्प्याला पोचलेल्यांना. नुसत्या लागणीला ती लागू नाही.

फेऱ्यांपेक्षा मोठा खर्च घाबरून केलेला असतो. एकाच तपासणीसाठी पुण्यामुंबईतल्या तीन-तीन लॅब, ‘मुळापासून बरा करतो’ म्हणणारा वैद्य, त्याच्या पुड्या, मग मंगळसूत्र गहाण, मग अर्धा एकर विकायला. एड्स बरा करण्याचा दावा कोणत्याही औषधावर करायला आपल्या औषध नियमांत स्पष्ट बंदी आहे. पहिले सहा महिने जमीन, सोनं, घर यांतलं काहीही विकू नका. ज्या उपचाराने विषाणू दबतो तो मोफत आहे आणि असे वैद्य जो विकतात त्याने दबत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना समोर बसवून सांगावं लागतं.

विम्याबाबत माणसं दुसरी घाई करतात : आता काय उपयोग म्हणून हप्ते थांबवतात. निदानाच्या आधी खरी माहिती देऊन घेतलेली पॉलिसी निदान झालं म्हणून रद्द होत नाही. ती चालूच ठेवा, नामनिर्देशन तपासून घ्या. नवीन आरोग्य विमा घेताना लागण लपवू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये विमा नियामकाने एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी पॉलिसी देणं सर्व सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपन्यांना बंधनकारक केलं आहे. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळही एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं झाला.

नोकरीचा प्रश्न मुंबईतच लढला गेला होता. सार्वजनिक क्षेत्रातल्या एका कंपनीने रोजंदारीवरच्या कामगाराला लागणीमुळे कामावरून दूर ठेवलं. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की जो काम करू शकतो आणि इतरांना धोका नाही, त्याला केवळ एचआयव्हीमुळे नाकारता येणार नाही. आता कायद्यानेच नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची अट घालण्यास मनाई केली आहे, आणि शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. रत्नागिरीहून किंवा गोव्याहून आखातात गेलेल्या माणसाला मात्र यातलं काही कामाला येत नाही. तिथल्या व्हिसाच्या मेडिकलमध्ये पॉझिटिव्ह आलं की परत यावं लागतं, आणि घराचं कर्ज आखाती पगारावर काढलेलं असतं. अशा कुटुंबाने बँकेत जाऊन लगेच हप्त्यांची मुदत वाढवून मागावी. कारण सांगताना आजाराचं नाव घ्यायची गरज नाही, नोकरी गेली एवढं पुरे.

बाईचं गणित वेगळं, कारण तिच्या बाबतीत घरच जातं. महाराष्ट्रासह सहा राज्यांत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एचआयव्हीमुळे विधवा झालेल्यांपैकी ७९ टक्के बायकांना नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा नाकारला गेला होता. २०१७ च्या कायद्याने लागण असलेल्या स्त्रीला राहत्या सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. नवरा आजारी असतानाच सातबारा, घरपट्टी, रेशनकार्ड आणि बँकखातं यांच्या प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात, असं मी अशा प्रत्येक बाईला सांगेन.

आणि ऊसतोड कामगार. बीड, धाराशिव, अहिल्यानगरातून दिवाळीच्या सुमारास निघणारा कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, पाच-सहा महिन्यांनी परततो. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, एक दिवस फडावर गेलं नाही तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. तीन महिन्यांच्या गोळ्या हंगामाच्या मध्यातच संपतात. मग गोळीसाठी गावी जायचं तर भाडं, दोन-तीन दिवसांची मजुरी आणि खाडा. शिवाय ‘कशाला गेला होता’ हा टोळीतला प्रश्न. बरेच जण अशा वेळी न जाणंच पत्करतात आणि अडीच लाखांत मोजले जातात. तब्येत स्थिर असलेल्यांना एका वेळी तीन ते सहा महिन्यांचं औषध द्यावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. टोळी निघण्याआधीच्या आठवड्यात गावाकडच्या केंद्राने प्रत्येक स्थिर रुग्णाच्या हातात १८० गोळ्या द्याव्यात. ज्याचे उपचार नुकतेच सुरू झाले आहेत त्याच्या हाती साखर कारखान्याजवळच्या केंद्राच्या नावे चिठ्ठी द्यावी, आणि त्या केंद्राला तो येणार असल्याचं आधी कळवावं.