नाव हुदिनीचं, लेखणी लव्हक्राफ्टची! पडद्याआडून किंवा इतरांसोबत लिहिलेल्या ३ भयकथा

अमेरिकेतील 'वीअर्ड टेल्स' मासिकात १९२४ मध्ये जादूगार हॅरी हुदिनीच्या नावाने एक भयकथा आली. ती लिहिली होती एच. पी. लव्हक्राफ्ट यांनी. दुसऱ्यांच्या कथा दुरुस्त करणं, प्रसंगी पूर्ण लिहून देणं यावर मुख्यतः त्यांचं पोट चालायचं. यातलं काय वाचाल?

१. इम्प्रिझन्ड विथ द फेरोज : हीच ती कथा. हातपाय बांधलेला हुदिनी इजिप्तच्या भुयारात अडकतो. तिची टाइप केलेली प्रत लव्हक्राफ्ट यांनी लग्नाला निघताना रेल्वे स्थानकावर हरवली. मग मधुचंद्रातच पत्नी सोनियाच्या मदतीने ती पुन्हा टाइप झाली!

२. द माउंड : झीलिया बिशप यांनी फक्त भुताच्या टेकाडाची कल्पना दिली. लव्हक्राफ्ट यांनी त्याखाली अख्खं जग उभं केलं. कथा छापली गेली १९४० मध्ये, बिशप यांच्या नावाने. लव्हक्राफ्ट १९३७ मध्येच गेले होते.

३. द चॅलेंज फ्रॉम बियाँड (१९३५) : पाच लेखकांची साखळी कथा. लव्हक्राफ्ट नायकाला किड्याच्या शरीरात टाकून घाबरवतात. पुढचे लेखक रॉबर्ट हॉवर्ड त्याच नायकाला विजेता बनवतात.

सुरुवात कुठून? हुदिनीपासून. 'द माउंड' लघुकादंबरीएवढी आहे, ती सवडीने वाचा.