पहिला भारतीय मॅगसेसे पवनारला : विनोबांना तो कशासाठी मिळाला होता?

नागपूर : हुडकेश्वरकडे आता जमीन चौरस फुटाने मोजली जाते. शेते गेली, लेआऊट पडले आणि प्लॉटच्या भावाशिवाय गप्पा पूर्ण होत नाहीत. याच नागपूरपासून वर्ध्याच्या रस्त्यावर, दीड-दोन तासांच्या अंतरावर, धाम नदीकाठी पवनार आहे. तिथून निघालेल्या एका माणसाने गावोगावी पायी फिरून जमीन एकरांनी मागितली, तीही फुकट. मॅगसेसे पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय, ते हेच आचार्य विनोबा भावे.

पुरस्कार कोणता?
फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष रॅमन मॅगसेसे मार्च 1957 मध्ये विमान अपघातात गेले. त्यांच्या नावाने सुरू झालेला हा पुरस्कार 1958 मध्ये पहिल्यांदा दिला गेला. त्याला ‘आशियाचे नोबेल’ म्हणतात. मात्र नोबेल पुरस्काराशी त्याचा काही संबंध नाही. पहिल्याच वर्षी सामुदायिक नेतृत्वासाठी विनोबांची निवड झाली.

काम कोणते?
मार्च 1951 मध्ये विनोबा हैदराबादजवळच्या सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले. तेव्हा तेलंगणात जमिनीवरून सशस्त्र संघर्ष पेटला होता. 18 एप्रिलला पोचमपल्ली गावात भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे 80 एकरांची मागणी केली. सरकारकडे अर्ज करण्याऐवजी विनोबांनी गावालाच विचारले. रामचंद्र रेड्डी यांनी 100 एकर देऊ केले आणि भूदान चळवळ सुरू झाली. पुढे सुमारे 13 वर्षे ही पदयात्रा चालली.

चळवळ यशस्वी झाली?
उत्तर सरळ नाही. 1957 पर्यंत 5 कोटी एकर मिळवण्याचे उद्दिष्ट होते. देशभरातून मिळालेली जमीन 40 लाख एकरांच्या घरात गेली. त्यातही काही खडकाळ निघाली, काही वादात अडकली, बरीच वाटलीच गेली नाही. म्हणजे पुरस्कार जाहीर झाला तेव्हा ठरवलेली मुदत उलटून गेली होती. तरीही कायद्याचा बडगा किंवा बंदूक न वापरता लाखो एकर जमीन मालकांनी स्वतःहून लिहून दिली, हे त्याआधी कुठे घडले नव्हते. सन्मान झाला तो याचा.

दुसरा मानकरीही मराठीच
1959 मध्ये शासकीय सेवेसाठी चिंतामणराव देशमुख यांना मॅगसेसे मिळाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री, ही त्यांची ओळख. पण आयसीएस अधिकारी म्हणून त्यांची उमेदवारी झाली ती नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांतात. विनोबा आणि चिंतामणराव दोघेही आजच्या रायगड जिल्ह्यात जन्मले, तेही चार महिन्यांच्या अंतराने. एकाने सत्तेबाहेर राहून काम केले, दुसऱ्याने सत्तेत राहून.

परीक्षार्थींसाठी
• 1913 : रवींद्रनाथ टागोर, साहित्याचे नोबेल
• 1930 : सी. व्ही. रामन, भौतिकशास्त्राचे नोबेल
• 1958 : विनोबा भावे, मॅगसेसे
• 1983 : कोल्हापूरच्या भानू अथय्या, ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर
• 1985 : हिंगणघाटला जन्मलेले बाबा आमटे, मॅगसेसे, 1990 मध्ये टेम्पल्टन
• 2008 : डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे, हेमलकशातील कामासाठी मॅगसेसे

आज याचा आपल्याशी संबंध काय?
थेट सातबाऱ्याशी आहे. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असताना 1953 मध्ये भूदान यज्ञ कायदा झाला आणि विदर्भातील भूदान जमिनींना तो लागू झाला. भूमिहीनाला मिळालेली अशी जमीन वारसांकडे जाते, पण इतर शेतीसारखी ती सर्रास विकता येत नाही. दान मिळालेली जमीन पुन्हा सावकाराच्या किंवा दलालाच्या हाती जाऊ नये, हा त्यामागचा उद्देश.

म्हणून विदर्भात शेतजमिनीचा सौदा करताना सातबाऱ्यावर भूदानाची नोंद आहे का, ते पाहा. जुने फेरफारही काढा. नोंद दिसली तर इसार देण्याआधी तहसील कार्यालयात चौकशी करा. ती जमीन कोणीतरी विकण्यासाठी नव्हे, तर एखाद्या भूमिहीन घराची चूल पेटावी म्हणून दिली होती.